कागदावरचे घर

प्रस्तावना

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण ऐकली असेलच. घर बांधताना आयुष्यभराची पुंजी खर्ची पडते आणि एखादी चूक झाली, तर ती पुढे अनेक वर्षे सोसावी लागते. कागदावरची रेघ सहज खोडता येते. भिंत पाडायला मात्र पैसा आणि श्रम लागतात. म्हणून नकाशा कायम करण्यापूर्वी तो कोणाला दाखवावा आणि काय विचारावे, हे या पाठात पाहू.

मूळ पाठ

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वसाहत स्वतःच आधी कागदावर आखली गेली. कन्नडमध्ये ‘बसव’ म्हणजे नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. तेथील नंदीच्या देवळावरून वसाहतीला हे नाव मिळाले. १८९० च्या दशकात, म्हैसूर संस्थानाच्या काळात, तिची आखणी झाली. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली आणि जुन्या पेठेतील दाट वस्ती सोडून लोक अशा मोकळ्या वसाहतींकडे वळले. हवा, उजेड आणि सांडपाण्याची सोय यांचा विचार आराखड्यातच व्हायला हवा, हा धडा त्या साथीने दिला.

आज तेथे जुन्या बैठ्या घरांच्या जागी नवी घरे उभी राहत आहेत. समजा, ३० फूट रुंद व ४० फूट लांब जागेवर एका कुटुंबाला घर बांधायचे आहे. वास्तुविशारदाने नकाशा दिला. ‘कसा वाटतो?’ असे विचारले, तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘या घरात तुमचा दिवस कसा जाईल?’ असे प्रत्येकाला विचारावे.

मग खरे उत्तर मिळू लागते. स्वयंपाक करणारी व्यक्ती विचारते, ‘भांडी घासायची मोरी ओट्यापासून इतकी दूर का?’ मुलगी म्हणते, ‘माझी अभ्यासाची जागा दूरदर्शन संचाच्या भिंतीला लागूनच आहे.’ घरकामाला येणाऱ्या बाई ओले कपडे वाळत घालायला जागाच नसल्याचे दाखवून देतात. आजी मात्र म्हणतात, ‘माझे काय, मी कुठेही राहीन.’ या उत्तरावर थांबू नये. त्यांची खोली वरच्या मजल्यावर असेल, तर गुडघे दुखू लागल्यावर त्या अंगणालाही पारख्या होतील. जो कमी मागतो, त्याची गरज कमी असतेच असे नाही.

जाणकारांचे मतही घ्यावे. दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते. त्या बाजूला निजायच्या खोलीऐवजी जिना किंवा न्हाणीघर ठेवले, तर घर कमी तापते. बंगळुरूत वर्षाला सुमारे ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. म्हणजे ७० चौरस मीटर छपरावर वर्षभरात ६३ ते ७० हजार लिटर पाणी पडते. ते साठविण्याची टाकी नकाशातच दाखवावी.

नकाशा वाचणे सर्वांना जमत नाही. अशा वेळी मोकळ्या जमिनीवर फक्कीने खोल्या आखाव्यात आणि सर्वांनी त्यातून चालून पाहावे. पलंग ठेवल्यावर दार पूर्ण उघडेल का, हे तेथे लगेच कळते.

सर्वच सूचना मान्य करता येणार नाहीत. प्रत्येक सूचनेबाबत दोन प्रश्न विचारावेत : ही अडचण रोजची आहे का? ती पुढे दूर करता येईल का? भिंतींचा रंग नंतर बदलता येतो. जिना बदलता येत नाही. रोजची आणि न बदलणारी अडचण प्रथम सोडवावी.

शब्दार्थ

पुंजी – साठविलेले धन
पारखे होणे – मुकणे, दुरावणे
फक्की – जमिनीवर रेषा आखण्याची पांढरी पूड

स्वाध्याय

१. ‘कसा वाटतो?’ हा प्रश्न अपुरा का आहे?
२. आजींच्या उत्तरावर थांबू नये, असे लेखकाने का म्हटले आहे?
३. आपल्या घराचा साधा नकाशा काढा. घरातील दोन व्यक्तींना त्यांच्या अडचणी विचारून पाच-सहा वाक्यांत लिहा.