विठ्ठला, हाक कुणाला?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ६, अजामिळाची कथा. मरताना यमदूत दिसले, तो घाबरला आणि त्याने धाकट्या मुलाला हाक मारली, "नारायणा!" धावून आले ते विष्णुदूत.

माझं नाव विठ्ठल. तळवलीत घरी हेच, पण ऑफिसच्या कॉलवर मी 'विकी' सांगायचो. जुनाट वाटायचं ना! मग नावाचा शोध घेतला.

आपल्याकडचा सोपा अर्थ: विटेवर उभा तो विठ्ठल. काही अभ्यासक म्हणतात, 'विष्णू'चं कानडी रूप 'बिट्टी', त्यावरून विठ्ठल. होयसळ राजा विष्णुवर्धनाचं मूळ नाव बिट्टिदेवच. पुरंदरदासांची नाममुद्रा 'पुरंदर विठ्ठल'. वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ. गुजरातचे विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. आणि ज्ञानोबा माउलींचे वडील विठ्ठलपंत! म्हणजे हे नाव एका गावाचं नाहीच.

शेवटच्या दिवसांत आजी कुणालाच ओळखत नव्हती. फक्त "विठ्ठला, विठ्ठला" म्हणायची. मी म्हणायचो, "आलो गं आजी." ती मला बोलवत होती की त्याला, हा प्रश्न बरीच वर्षं डोक्यात होता. आज अजामिळ वाचला आणि वाटलं, तिच्यासाठी त्या दोन हाका वेगळ्या नव्हत्याच. म्हणून तर हे नाव ठेवलं होतं.

उद्यापासून कॉलवर 'विठ्ठल'च.

आजचा अभ्यास: तुमचं नाव कुणी ठेवलं आणि का, हे आज घरी विचारा. विचारायला माणसं आहेत तोवरच.

जय हरी!