दिव्यांग मुलाचा शाळाप्रवेश आणि ४० टक्क्यांची अट

प्रश्न : शिरूर अनंतपाळ तालुक्यातील एका मुलीला कमी दिसते. गावच्या शाळेत नाव घालायला गेलेल्या पालकांना ‘आधी ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर विशेष शाळेत घाला’ असे सांगण्यात आले. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : नाही. प्रवेशाला टक्केवारीची अट कोणत्याच कायद्यात नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १६ सरकारी व मान्यताप्राप्त शाळांना दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देण्यास बांधून घेते.

४० टक्क्यांचा प्रश्न येतो तो पुढच्या लाभांसाठी. तेवढे दिव्यांगत्व प्रमाणित झाले की १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, तसेच पुस्तके व साहाय्यक साधने मोफत मिळतात. म्हणून प्रमाणपत्र जरूर काढावे, पण त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही कलम ३१ ने मुलावर सोपवली आहे, मुख्याध्यापकांवर नाही.

नाव पटावर आले म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, असेही नाही. गरजेनुसार वाजवी सोयी करून देणे कलम १६ मध्येच आहे. रॅम्प बांधला की काम झाले, ही समजूत फार पसरली आहे. कमी दिसणाऱ्या मुलीला रॅम्पचा काय उपयोग? तिला फळ्यासमोरचा बाक, मोठ्या अक्षरांतली पुस्तके आणि फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणारे शिक्षक हवेत. विशेष शिक्षकांच्या मदतीसाठी गट साधन केंद्राकडे मागणी करता येते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम १७ मध्ये आहे.

तोंडी नकारावर थांबू नये. अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पुढे तक्रार करताना हाच कागद कामी येतो. दाद न मिळाल्यास पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे होते. पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडेही अर्ज करता येतो.