जामीन आणि गरिबाचे स्वातंत्र्य

अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असा समज आपल्या वस्त्यांत आजही दृढ आहे. पोलिसांची गाडी दाराशी आली की शेजारी दुरावतात आणि घरची माणसे कर्ज काढून धावू लागतात. म्हणून जामिनाच्या कायद्याची ओळख करून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

खटल्याच्या तारखांना हजर राहीन, या हमीवर आरोपीला मिळणारी मोकळीक म्हणजे जामीन. जामीनपात्र गुन्ह्यात तो आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायालयाचा विवेक निर्णय करतो. आरोपी फरार होईल काय, साक्षीदारांवर दबाव आणील काय, गुन्हा किती गंभीर आहे, हे तेथे पाहिले जाते.

गरिबाचे घोडे अडते ते जामीनदारापाशी. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्यास सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. पण खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता परजिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्यास सोडण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात, शिक्षेच्या कमाल मुदतीहून अधिक काळ खटल्याविना तुरुंगात राहिलेली बिहारमधील माणसे देशासमोर आली. शीघ्र न्याय हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. तरीही आज देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत.

पुढील गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. अटकेची कारणे समजणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हे अनुच्छेद २२ ने दिलेले हक्क आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे लागते. गुन्ह्यानुसार ६० वा ९० दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. मात्र अर्ज वेळेत करावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

आपला समाज न्यायालयात फिर्यादी म्हणूनही उभा राहतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ नुसार आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडितास मिळाली पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. स्वतः आरोपी असताना जो न्याय आपण मागतो, तोच समोरच्यालाही आहे. आणि पीडिताला भयमुक्त ठेवणे हाही न्यायच. या दोन्ही गोष्टी एकाच मनात धारण करणे कठीण आहे. पण समतेची परीक्षा तेथेच होते.

विनयातील संमुखविनय हेच शिकवतो : संबंधितांच्या समक्ष, धम्मानुसार निर्णय. येथून शिकून वकील, शिक्षक वा कर्मचारी झालेल्या आमच्या बंधुभगिनींनी आपल्या तालुक्यातील एका तरी कच्च्या कैद्याच्या कुटुंबाला तो अर्ज लिहून द्यावा. शाळेने दिलेल्या अक्षरांचे ऋण असेही फिटेल.