बाद पद्धतीचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालये ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात. गटातील मुलींचे फुटबॉल संघ शरद ऋतूत परस्परांशी खेळतात व हंगामाअखेर बहुतेक गटांत वरच्या क्रमांकांच्या संघांची बाद पद्धतीची स्पर्धा भरते. अशा गटविजेत्यास सामान्यतः राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. म्हणून हंगामात मागे पडलेल्या संघालाही ही अखेरची संधी असते.

पाचवीच्या वर्गास विचारावे : आठ संघ असल्यास सामने किती? मुले चार, दोन व एक यांची बेरीज करून सात म्हणतील. उत्तर बरोबर आहे, पण शिक्षकाने तेथे थांबू नये. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो. सात संघ बाद व्हावयास सात सामने लागतात, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्यावे. मग राष्ट्रीय स्पर्धेतील ६४ संघांचे उत्तर बेरजेवाचून निघते. बरोबरी झाली तर, ही शंका कोणी तरी काढतोच. दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव व नंतर पेनल्टी किक, असे सांगावे.

शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी करणारा कायदा तेथे १९७२ साली झाला. मुलींची ही राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासूनची. पहिले विजेतेपद नॉर्थ कॅरोलायनाने मिळविले.

एका शाळेत मी हा पाठ घेतला, तेव्हा संघांची नावे मुलग्यांनीच सुचविली. मुली गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी फळा पुसून खडू मुलींच्या हाती दिला. आठ नावांस पुरती दोन मिनिटेही लागली नाहीत.