‘सॉरी म्हण’ म्हणण्यापूर्वी



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर चर्चच्या आवारात दोन मुलांची जुंपली. कारण, क्रिकेटची बॅट. एकाचा शर्ट फाटला. दोघांच्या आया धावत आल्या आणि दोन्हीकडून एकच हुकूम सुटला, “चल, सॉरी म्हण!” मुलांनी जमिनीकडे पाहत सॉरी म्हटले, हात मिळवले. फाटकाबाहेर पडताना मात्र एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, “उद्या शाळेत ये, मग बघतो.”

आपण मुलांना क्षमा मागायला लावतो. पण क्षमेपर्यंत जाणारी वाट त्यांना दाखवत नाही. त्या वाटेवर थोडे चातुर्य लागते. चातुर्य म्हटले की आपल्याला पुढारी आणि त्यांची गोड भाषा आठवते, म्हणून ख्रिस्ती घरात हा शब्द जरा संशयानेच घेतला जातो. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी मूलभूत सद्गुणांमध्ये विवेकाला अग्रस्थान दिले आहे. खरे बोलायचे, हे ठरलेलेच आहे. ते केव्हा, कोणासमोर आणि कोणत्या शब्दाने सुरू करून बोलायचे, हे विवेक ठरवतो.

पवित्र शास्त्रात याचा उत्तम धडा अबीगईल या स्त्रीने दिला आहे (१ शमुवेल, अध्याय २५). तिचा नवरा नाबाल मोठा धनवान. तीन हजार मेंढरांचा मालक, पण स्वभावाने उर्मट. दावीदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना संरक्षण दिले होते. लोकर कातरणीच्या सणाला दावीदाने दहा तरुण पाठवून थोडे अन्न मागितले, तेव्हा नाबालाने त्यांचा अपमान करून त्यांना रिकाम्या हाती परत धाडले. संतापलेला दावीद चारशे माणसांना तलवारी बांधायला लावून निघाला. एका चाकराने हे अबीगईलला सांगितले.

तिने काय केले ते मुलांबरोबर सावकाश वाचावे. दोनशे भाकरी, द्राक्षारस, रांधलेली मेंढरे, मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून तिने आधी पुढे पाठवल्या. दावीद दिसताच ती गाढवावरून उतरली. चूक नवऱ्याची असताना दोष स्वतःवर घेतला. मग, उद्या तू राजा होशील तेव्हा आजच्या रक्तपाताची बोच तुझ्या मनाला नसावी, असे तिने त्याला सुचवले. दावीदाला तिने त्याच्यातल्या चांगल्या माणसाची आठवण दिली! (याच भाषणात तिने नवऱ्याला सरळ मूर्खही म्हटले आहे. वर्गातील मुलींनी ते लगेच हेरले, आणि आमच्यापाशी त्यावर चांगलेसे उत्तर नव्हते.) घरी आली तर नाबाल मद्याने झिंगलेला. त्या रात्री ती एक शब्द बोलली नाही. सकाळी तो शुद्धीवर आल्यावर मात्र तिने सारे सांगितले.

रात्री गप्प आणि सकाळी स्पष्ट, हे मुलांना नीट समजावले पाहिजे. नाहीतर चातुर्य म्हणजे दडपून ठेवणे, असा त्यांचा समज होईल. कोणी रोज मारत असेल, पैसे काढून घेत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर तिथे मुलाने गोड बोलून निभावायचे नसते. तत्काळ मोठ्यांना सांगायचे असते. साध्या भांडणासाठी प्रभू येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत (मत्तय १८:१५-१७). आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत ने. त्यानंतर मंडळीला सांग. आपण मोठे नेमके उलटे करतो. बांधाच्या वादाची खबर साऱ्या गावाला असते, फक्त भावाशी कोणी बोललेले नसते. जेवणाच्या ताटावर मुले ते ऐकत असतात.

लोयोलाचे संत इग्नाशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आरंभीच एक नियम घातला आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ घ्यावा. तसा लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे, असे त्यालाच विचारावे. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमते. “तू माझी बॅट का घेतलीस?” असे ओरडण्याऐवजी “बॅट तुझ्याकडे कशी आली?” असे विचारायला त्याला घरी दोन-चारदा खेळातून शिकवून पाहा.

हा नियम आम्ही सेमिनरीत शिकलो आणि पुढे विसरलो. काही वर्षांपूर्वी मिस्सात भलत्याच वेळी घंटा वाजली, म्हणून आम्ही सॅक्रिस्टीत एका वेदीसेवकाला इतर सहा मुलांसमोर फैलावर घेतले. तीन रविवार तो आला नाही. अखेर आम्ही त्याच्या घरी गेलो. आई चहा ठेवायला आत गेली, तेव्हा तो म्हणाला, “फादर, तुम्ही मला बाजूला बोलवून विचारायचं होतं. घंटा मी वाजवलीच नव्हती.”