शीर जोडावी टाक्यांनी की कड्यांनी?

जबड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरलेल्या एका गृहस्थांचा मुलगा मध्यंतरी खर्चाचे अंदाजपत्रक घेऊन माझ्या दवाखान्यात आला. त्यात ‘कपलर’ नावाच्या वस्तूचे पैसे वेगळे लावले होते. ‘‘डॉक्टरसाहेब, हे नाही घातले तर वडिलांच्या जिवाला धोका आहे का?’’ त्याने सरळ विचारले. तंबाखू-गुटख्याच्या कृपेने आपल्याकडे तोंडाचे कर्करोग एवढे आहेत, की हा प्रश्न आणखी अनेक घरांत पडणार.

जबड्याचे हाड काढल्यावर ती जागा भरायला पुष्कळदा पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड, कातडी व रक्तवाहिन्यांसकट काढून तोंडात बसवतात. मुळासकट उपटून दुसरीकडे लावलेल्या रोपासारखाच हा प्रकार. त्या तुकड्याची रोहिणी मानेतल्या रोहिणीला आणि नीला मानेतल्या नीलेला जोडली तरच तो जगतो. रोहिणी रक्त आणते, नीला परत नेते. रक्त पोचले की काम झाले, असे लोकांना वाटते. पण परतीची वाट तुंबली तर तुकडा फुगतो, काळानिळा पडतो आणि मरतो. घोटाळा जास्त वेळा नीलेतच होतो. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी. जरा पीळ पडला की ती मिटते आणि रक्ताची गुठळी होते.

रक्तवाहिनी शिवण्याची पद्धत फ्रान्सच्या अलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यासाठी ते भरतकाम करणाऱ्या बाईकडून सुईकाम शिकले होते! १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज दोन-तीन मिलिमीटरची नीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवतात. वीस-तीस मिनिटे सहज जातात. एखादा टाका चुकून समोरच्या भिंतीत गेला तर वाटच बंद.

कपलर म्हणजे प्लास्टिकची दोन छोटी कडी. प्रत्येकाला पोलादाचे बारीक काटे. १९६२ मध्ये जपानच्या नाकायामांनी अशी कडी वापरली. आजच्या कपलरचा आराखडा १९८६ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झाला. नीलेचे टोक कड्यातून ओढून, सदऱ्याची बाही दुमडावी तसे बाहेर उलटवतात आणि काट्यांत अडकवतात. मग दोन्ही कडी समोरासमोर दाबून बसवतात. अस्तराला अस्तर भिडते, आत धागा राहत नाही, तोंड उघडे राहते. काम पाचेक मिनिटांत होते. कडी शरीरात कायमची राहतात.

मग कपलरच चांगला का? दोन्ही टोके साधारण सारख्या मापाची आणि लवचिक असतील तर सोय उत्तम, वेळही वाचतो. पण रोहिणीची भिंत जाड, ती सहज उलटत नाही. तिथे बहुधा हातच चालतो. तुटलेल्या बोटातल्या इवल्याशा शिरांनाही टाकेच. काही पाहण्यांत कपलरने गुठळ्या कमी झालेल्या दिसल्या, काहींत फरक दिसला नाही. अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास तुकडे जगतात. म्हणून त्या मुलाला मी सांगितले, ‘‘कड्यांसाठी घरातले दागिने मोडू नकोस. सर्जनना विचार : अशी ऑपरेशने आपण नेहमी करता का? रात्री तुकडा कोण तपासते? गरज पडली तर रात्री ऑपरेशन थिएटर उघडते का?’’

पहिले दोन-तीन दिवस कसोटीचे. तुकडा जांभळा दिसला, फुगला, बोटाने दाबल्यावर रंग चटकन परतला, तर नीला तुंबल्याची शंका घ्यावी. पांढरा आणि गार पडला तर रोहिणीची. त्याच तासात कळवले तर तो वाचवता येतो. ‘सकाळी राऊंडला सांगू’ म्हणून थांबू नये. गळ्यात श्वासाची नळी असेल तर तिची फीत घट्ट आहे का तेही नर्सला पाहायला सांगावे. त्या फितीखाली जोडलेली नीला दाबली जाऊ शकते, मग ती टाक्यांनी जोडलेली असो वा कड्यांनी.