चरबी-रोपण शिकणाऱ्या भाचीस



कर्करोगामुळे स्तन काढल्यावर उरलेला खळगा भरण्यासाठी रुग्णेच्याच पोटावरची किंवा मांडीवरची चरबी वापरली जाते. त्यातली किती जगते, हा या शस्त्रक्रियेतला खरा प्रश्न. कुठे तिसरा हिस्सा टिकतो, कुठे तीन-चतुर्थांश. हा फरक नशिबाचा नाही.

शरीरातून ओढलेल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी पहिले काही दिवस ती भोवतालच्या द्रवातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तगते. नव्या केशवाहिन्या नंतर फुटतात. हे झिरपणे फार खोल जात नाही. जपानमध्ये कोतारो योशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रोपलेल्या चरबीच्या गोळ्याच्या काठावरच्या जेमतेम ०.३ मिलिमीटर पट्ट्यातल्या चरबीपेशी जगतात. त्याच्या आतल्या पट्ट्यात त्या मरतात, पण चिवट मूळपेशी तग धरून नव्या चरबीपेशी घडवतात. अगदी मध्यभागी काहीच उरत नाही. जर्मनीत नॉयबर यांनी १८९३ मध्येच नोंदवले होते, की लहान तुकडे जगतात, मोठे नाही. कारण मात्र खूप नंतर कळले.

म्हणून चरबी ओतायची नसते, लावायची असते. भाताची रोपे एकाच खड्ड्यात कोंबली तर कुजतात, तसेच हे. बोथट टोकाची बारीक नळी ऊतीत शेवटपर्यंत सरकवावी आणि मागे घेताना हलका दाब देत चरबीचा पातळ धागा सोडावा. जाताना नव्हे, येताना. प्रत्येक धाग्याला वेगळी वाट, वेगळी पातळी. सिडनी कोलमन यांनी रूढ केलेल्या पद्धतीचा गाभा हाच.

त्याआधीचे काम धसमुसळेपणाने झाले, तर पुढचे कौशल्य वाया जाते. चरबी कमी दाबाने काढावी. सिरिंज उभी ठेवली की तीन थर दिसतात: वर फुटलेल्या पेशींचे पिवळे तेल, खाली रक्ताळलेले पाणी, मधे कामाची चरबी. वरचे आणि खालचे काढूनच टाकावे, कारण तेलाने जागा अडते आणि दाह वाढतो. हे सेंट्रिफ्यूजने करावे, गाळून की धुऊन, यावर मतभेद आहेत. एकच पद्धत निर्विवाद सरस ठरलेली नाही. पोटाची चरबी बरी की मांडीची, या वादातही फारसे हाती लागत नाही. चरबी बाहेर थोडा वेळच राहावी, हवेवर सुकू नये, एवढे नक्की.

सर्वांत मोठी चूक होते ती शेवटच्या क्षणी. आकार छान दिसू लागतो आणि आणखी थोडी भरण्याचा मोह होतो. जागा भरली की ऊतीतला दाब वाढतो, केशवाहिन्या दबतात आणि आधी नीट लावलेले धागेही उपाशी मरतात. त्वचा ताठ, पांढुरकी दिसू लागली, की थांबावे. विकिरणोपचार झालेल्या छातीत हे फार लवकर घडते; तिथली ऊती चिवट आणि कमी रक्ताची असते. तिथे पहिल्या खेपेला थोडेच भरावे. मूळपेशींमुळे ती जागा मऊ होते आणि दुसऱ्या खेपेला जास्त सामावून घेते, असा अनेक शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे.

रुग्णेशी आधीच मोकळेपणाने बोलावे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून धूम्रपान किंवा मिश्री काही आठवडे आधीपासून बंद हवी. नंतर भरलेल्या जागेवर दाब येऊ देऊ नये. वजन घटले तर रोपलेली चरबीही घटते. मेलेल्या चरबीच्या गाठी हाताला लागतात आणि बाईच्या मनात कर्करोगाची भीती पुन्हा जागी होते. म्हणून अशा गाठी होऊ शकतात हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे, आणि गाठ आलीच तर तपासणी टाळू नये. टिकलेला आकार साधारण तीन ते सहा महिन्यांनी कळतो, आणि बहुतेक स्त्रियांना एकाहून अधिक खेपा लागतात.